निकाल नसलेल्या पुस्तकाची खीर

माझी कादंबरी छापून आली तेव्हा मला वाटलं होतं, आता लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतील. बघितलंही. पांढुर्ण्याच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते, तर एका बाईनं थांबवून विचारलं की मॅडम, तुमच्या पुस्तकातल्या बकरीचं पुढं काय झालं. अडीचशे पानांत ती बकरी दोनदा येते, तीही रस्ता ओलांडायला. मी तिला सांगितलं, बकरी सुखरूप आहे. बाईला बरं वाटलं आणि कोथिंबिरीची चांगली जुडी ती घेऊन गेली.

मी काही जन्माची लेखिका नाही. कोर्टात टायपिस्ट होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं, त्यात माझा स्वतःचा एक स्वल्पविरामही नव्हता. निवृत्त झाल्यावर बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून लिहायला घेतलं. नोकरीत सगळं हिंदीत टाइप केलं होतं, म्हणून कादंबरी मराठीत लिहिली. घरात आम्ही वऱ्हाडी बोलतो, पाटीवर हिंदी वाचतो आणि मराठी पुस्तक नागपूरहून आणतो; नागपूरच्या पुढं हद्द ओलांडली की हिंदी राज्य लागतं, इकडे हे असंच आहे. जिल्हा वेगळा झाला, पाट्या बदलल्या, पण नव्या पाट्यांवरही हिंदीच.

कादंबरी एका मुलाची आहे. वय अठरा वर्षं दोन महिने. तीन महिने लहान असता तर तो अल्पवयीन ठरला असता आणि त्याचा खटला असा चाललाच नसता. मुलगा स्वमग्न आहे. नजरेला नजर देत नाही, आणि विचारलं की विचारलेलंच परत म्हणतो. जिनिंग मिलच्या आवारात कापसाच्या ढिगाला आग लागते आणि हा तिथं उभा सापडतो, ज्वाळांकडे बघत. शिपाई विचारतो, 'आग लावली?' मुलगा म्हणतो, 'आग लावली.' झालं. एवढ्यावर खटला उभा राहतो. शेवटच्या पानावर न्यायाधीश निकालाची फाइल उघडतात, चष्मा लावतात आणि कादंबरी संपते. निकाल मी दिलेला नाही.

हे न देणं मला फार भारदस्त वाटलं होतं. वाचकांना तसं वाटलं नाही.

एका ओळखीच्या वकिलांनी फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजू भरून माझ्या चुका लिहून पाठवल्या. अमुक पानावर आरोपीच्या वकिलानं हरकत घ्यायला हवी होती, तो गप्प कसा? मी कळवलं, त्याला ही केस सरकारकडून मिळालेली होती आणि फाइल तो स्कूटरच्या डिकीत विसरला होता. वकीलसाहेबांना ते लागलं असावं, कारण नंतर बरेच दिवस ते मला बघून न बघितल्यासारखं करत. सौसरच्या एका निवृत्त गुरुजींनी 'पेशी' या शब्दावर लाल गोल केला आणि शेजारी 'तारीख' लिहिलं. म्हटलं, गुरुजी, आपल्याकडे पेशीच म्हणतात. ते म्हणाले, म्हणतात म्हणून लिहायचं का?

आणि नागपूरहून एका बाईचा फोन आला. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा, तसाच. ती आधी रडली, मग हसली, मग तिनं विचारलं, तुमच्या घरी आहे का असं कोणी? मी म्हटलं, नाही, सगळं काल्पनिक आहे. मग ती म्हणाली, ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, मग तुम्हाला कसं कळलं? मी पुन्हा म्हटलं, काल्पनिक आहे हो. हे वाक्य मी तोवर इतक्यांदा वापरलं होतं की ते खरं असल्यासारखं सहज तोंडातून यायचं.

पण मला सांगायचं आहे ते आमच्या वस्तीतल्या विहाराचं.

आमच्याकडे वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एक जण वाचतं, बाकीचे ऐकतात. त्या दिवसाचं वाचन संपलं की सगळे तीनदा 'साधू' म्हणतात. तीन महिन्यांनी ग्रंथ पुरा झाला की समापन, आणि समापनाला खीर. ग्रंथ पुरा, तर खीर. हे इतकं पक्कं ठरलेलं आहे की लहान मुलं ग्रंथाची उरलेली पानं बोटांनी मोजतात.

दोन-तीन वर्षांपासून वाचायचं काम विहाराच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली सून करते. माहेर रामाकोन्याचं. ती ब्लाउज शिवते, शाळा हिंदीत झालेली, पण मराठी वाचते ते अगदी पाणी वाहावं तसं. तिची सासू सत्तरीला आलेली, शेतमजुरीत जन्म गेलेला. खांबाला टेकून पहिल्या रांगेत बसायची. सुनेचा उच्चार अडखळला तर सासू घसा खाकरायची. अक्षरओळख नसलेली बाई वाचणारीच्या चुका काढते, हे बघून मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं, तिनं तो ग्रंथ पन्नास वर्षं ऐकला होता.

या घरात सात वर्षांचा मुलगा होता. तो विहारात कधी आला नाही. वाचन चालू असताना भिंतीपलीकडून एक आवाज यायचा. स्टीलचं ताट कडेवर उभं करून फिरवलं की ते आधी हळू, मग जोरात झणझणत जमिनीवर निजतं, तो आवाज. तो मुलगा तासन्‌तास ताट फिरवायचा. विहारात बसलेल्या प्रत्येकीला तो ऐकू यायचा आणि जी ती असं तोंड करायची की जणू काही ऐकूच आलं नाही. कोणी विचारलंच तर सासू म्हणायची, नातू नीट बोलेल उशिरा, त्याचे आजोबाही उशिरा बोलले होते. घरी पाहुणे आले की मुलगा आतल्या खोलीत जायचा. सुनेला त्याला नागपूरला दाखवायचं होतं, तिथं अशा मुलांसाठी शाळा आहेत हे तिनं शोधून ठेवलं होतं. सासू नाही म्हणत होती. नवरा जिनिंगमध्ये कामाला. तो आईपुढे गप्प आणि बायकोपुढेही गप्प.

कादंबरी आली त्या वर्षी समापन झाल्यावर सून माझ्याकडे आली. म्हणाली, मावशी, आता रविवारच्या वंदनेनंतर तुमचं पुस्तक वाचू का? मला आनंद झाला, पण मी आढेवेढे घेतले. लेखकानं घ्यावेत तेवढे. म्हटलं, अगं, तो काय ग्रंथ आहे? ती म्हणाली, "वाचाले घेतलं का ग्रंथच होते, मावशी."

आणि खरंच तसंच झालं. माझी कादंबरी त्याच लाकडी चौरंगावर, त्याच पांढऱ्या कापडावर ठेवली गेली. मेणबत्ती लावू नका म्हणून मी हात जोडले, तेवढं ऐकलं त्यांनी. कापसाची वेचणी सुरू झालेली, हप्ताभर बायका शेतात. रविवारी मात्र वंदना झाली की कोवळ्या उन्हात पाय पसरून पंधरा-वीस जणी बसायच्या. एका रविवारी एक प्रकरण. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पोलीस मुलाला जीपमध्ये घालून नेतात. सुनेनं शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, आणि सगळ्या बायका सवयीनं हात जोडून एका सुरात म्हणाल्या, "साधू, साधू, साधू."

क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जे हसू फुटलं ते आवरेना. खांबाला टेकलेली सासूही पदर तोंडाला लावून हसली. पण पुढच्या रविवारीही त्या साधू म्हणाल्याच. वाचन संपलं की म्हणायचं असतं. माझ्या आरोपीला कोठडीत मार बसला, साधू. त्याची आई वकिलाच्या दारातून परत आली, साधू. मी नाद सोडला.

या ऐकणाऱ्या बायकांसारखे वाचक मला नंतर मिळाले नाहीत. त्यांना शैली, प्रतिमा असलं काही नको होतं. त्यांना मुलगा जेवला का ते हवं होतं. तो कोठडीत असताना मी सलग दोन प्रकरणं त्याच्या जेवणाचा उल्लेख केला नव्हता. एकीनं मला तोंडावर विचारलं की पोरगं दोन पेश्या उपाशीच आहे का? मी वरमले. अडीचशे पानं लिहिताना मला ते सुचलं नव्हतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की बायका पुस्तकाबद्दल बोलत नव्हत्या. म्हणजे पुस्तकाबद्दलच बोलत होत्या, पण डोळे भिंतीकडे असायचे. त्या पोराच्या मायनं त्याला घरात कोंडायला नको होतं, असं एक जण म्हणाली तेव्हा सगळ्यांनी सासूकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला की तिच्याकडे बघितल्यासारखंच झालं. लोक हसतात म्हणून कोंडते बापा ती, असं दुसरीनं सावरून घेतलं. पलीकडे ताट झणझणत होतं.

नवव्या प्रकरणात डॉक्टरची साक्ष आहे. तिथं 'स्वमग्न' हा शब्द पहिल्यांदा येतो. मी तो मुद्दाम तोपर्यंत राखून ठेवला होता, मोठी हुशारी म्हणून. सुनेनं तो वाचला. थांबली. पुन्हा वाचला. मागून कोणी विचारलं की म्हणजे काय? माझ्याकडे न बघता, पुस्तकाकडेही न बघता तिनं सांगितलं. असं मूल बहिरं नसतं, येडं नसतं, लाडावलेलं नसतं. त्याला आवाज जास्त ऐकू येतात, माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की त्याला बरं वाटतं. त्याला शिकवता येतं, पण लवकर सुरू करावं लागतं. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. हे तिनं पाठ केलेलं होतं, कोण जाणे किती महिन्यांपासून, आणि सांगायला तिला माझ्या पुस्तकाचा आडोसा लागला होता.

सासू उठली. चपला घातल्या आणि निघून गेली. त्या रविवारी कोणी साधू म्हणालं नाही.

बायका पांगल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, खरं सांगा. माह्या पोराले पाहून लिहिलं का तुम्ही हे?"

मी म्हटलं, नाही गं, तुझा मुलगा मला नीट माहीतसुद्धा नव्हता. हे खरं होतं. ती म्हणाली, मग कोणाला बघून? मी म्हटलं, कोणालाच नाही, काल्पनिक आहे.

ते खोटं होतं, आणि आता इथवर आले आहे तर सांगून टाकते.

कोर्ट कुठलं ते सांगणार नाही. त्या कोर्टाचा काही दोष नव्हता. मला नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका सायकलचोरीच्या केसमध्ये एक मुलगा आणला होता. सकाळपासून तो व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला. शिपाई त्याला म्हणाला, पाणी पाहिजे? तो म्हणाला, पाणी पाहिजे. पाणी दिलं तर प्यायला नाही. शिपाई म्हणाला, सरकून बस. तो म्हणाला, सरकून बस, आणि सरकला नाही. मी दारापाशी टाइप करत होते, सगळं ऐकत होते. मला मनात हसूसुद्धा आलं होतं. दुपारी त्याला आत बोलावलं. साहेब हिंदी मुलखातले, नवीन आलेले, मराठी येत नव्हती. शिपायानं मराठीत विचारलं, सायकल नेली? मुलगा म्हणाला, सायकल नेली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, कारण मला दोन्ही भाषा येत होत्या. क्या कहा इसने? जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती. टेबलावर बारा फाइली होत्या. हा मुलगा नुसतं विचारलेलं परत म्हणतो हे सांगितलं असतं तर पुढं दहा प्रश्न आले असते. मी म्हटलं, हाँ कहा, साहब. आणि 'हाँ' टाइप केलं. दोन अक्षरंही नाहीत त्यात.

त्या मुलाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. महिन्याभरात माझी बदली झाली. मी विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. कादंबरीला निकाल का नाही, त्याचं भारदस्त उत्तर मी नागपूरच्या एका कार्यक्रमात दिलं होतं, टाळ्याही मिळाल्या होत्या. खरं उत्तर हे आहे.

पुढच्या रविवारी सासू येणार नाही असं सगळ्यांना वाटलं. ती आली. सगळ्यांच्या आधी येऊन खांबाला टेकून बसली. सून वाचायला लागली आणि पहिल्याच पानावर अडखळली, तेव्हा सासूनं घसा खाकरला. मला इतकं हायसं वाटलं की मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

तर असं करत माघ आला, कापूस घरी आला आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आलं. मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी पोचले तेव्हा विहाराच्या मागं चूल पेटलेली आणि मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं. समापन आहे तर खीर नको का? कोणी दूध आणलं, कोणी तांदूळ, कोणी वेलदोड्याची पूड कागदात बांधून. माझ्या पुस्तकासाठी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटचं पान मला माहीत होतं.

सुनेनं वाचलं. न्यायाधीशांनी फाइल उघडली. चष्मा लावला. सुनेनं पान उलटलं, ते कोरं होतं.

बायका थांबल्या. साधू कोणी म्हणेना. मग एकीनं विचारलं की पान फाटलं का? सून म्हणाली, नाही, संपलं. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी ते भारदस्त उत्तर सुरू केलं, की निकाल वाचकांनी आपापल्या मनात, वगैरे. एका बाईनं मला मध्येच थांबवलं. ती रागावलेली नव्हती, अडचणीत सापडलेली होती.

"निकाल नाही तं समापन कसं वो बाई? अन् समापन नाही तं खीर कशाची वाटाची?"

आता याला काय म्हणावं. पातेल्यात खीर तयार, आणि पुस्तक पुरं नाही म्हणून ती वाटता येत नाही. मी म्हटलं, अशीच खाऊ. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काही अशुभ बोलले असावे. शेवटी वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं तोड काढली. बाईनं निकाल दिला नाही, तर आपण देऊ. इतके रविवार ऐकलं, आपल्याला काय कळत नाही? एकेकीनं सांगायचं, मग ठरेल, मग खीर.

एक म्हणाली, सोडून द्या पोराला. दुसरी म्हणाली, जिनिंगच्या मालकालाच आत घाला, विम्यासाठी त्यानंच पेटवलं असेल. तिसरी वेचणीतली, हाताला चिरा पडलेली. ती म्हणाली, पोरगं भोळं आहे म्हणून त्यानं पेटवलं नसेलच असं थोडंच आहे, माझ्या पोरानं नाही का गोठा पेटवला होता बिडीनं. यावर जो गलका झाला तो मी कुठल्या कोर्टात ऐकला नव्हता. गलक्यात पलीकडचं ताट ऐकू येईनासं झालं.

मग सासूनं घसा खाकरला. सुनेच्या वाचण्यासाठी खाकरायची तसाच. सगळ्या गप्प झाल्या. ती खांबाला टेकलेलीच होती, जमिनीकडे बघून बोलली.

"त्याले एकाच बाजूनं विचारलं सगळ्यायनं. आग लावली, आग लावली. उलटं कोणं विचारलं का? आग नाही लावली, असं?"

मग तिनं मान वर केली.

"माह्या नातवाले मी दोन्हीकून विचारतो. भूक लागली? मंग, भूक नाही लागली? दोन्ही म्हणलं तं समजाचं का पोरगं थकलं, सांगून नाही राह्यलं काही. एकच म्हणलं तं ते खरं. चार वर्सं झाले, मी असीच विचारून राह्यली." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमचा निकाल राहू द्या. आधी त्याले उलटं विचारा."

माह्या नातवाले. उशिरा बोलेल याशिवाय नातवाबद्दल सात वर्षांत पहिल्यांदा ती चारचौघींत बोलली होती, आणि बोलली तेही आमच्या सगळ्यांपेक्षा तो तिलाच जास्त कळतो हे सांगण्यासाठी. सून चौरंगापुढं पुस्तक छातीशी धरून बसली होती. तिनं सासूकडे बघितलं. सासू तिला म्हणाली, आण त्याला, गर्दीतून नको, मागच्या दारानं आण.

सुनेनं मागच्या दारातून नवऱ्याला हाक मारली आणि मुलगा बापाचं बोट धरून आला. दुसऱ्या हातात ताट. इतक्या जणी बघून तो दारात ताट काखेत मारून, कानांवर हात दाबून उभा राहिला, तर बायकांनी न सांगता मान वळवल्या, कोणी चुलीकडं गेलं, कोणी रस्त्याकडं बघत बसलं. तो खांबापाशी आजीजवळ बसला आणि त्यानं ताट फिरवलं. विहाराच्या फरशीवर ते घरच्यापेक्षा जास्त वेळ फिरलं. त्याला ते फार आवडलं असावं, कारण तो हसला.

आजीनं विचारलं, "खीर पाहिजे?"

"खीर पाहिजे."

"खीर नाही पाहिजे?"

तो ताटाकडे बघत राहिला. काही बोलला नाही. आजीनं थांबून दोन श्वास जाऊ दिले, मग ताट त्याच्या हातातून घेतलं, पुसलं आणि त्यात खीर वाढली. तेव्हा कोणीतरी हळूच, मुलाला दचकवणार नाही इतक्या हळू, साधू म्हणालं. बाकीच्याही म्हणाल्या, तितक्याच हळू. समापन झालं होतं.

बायका वाट्या घेऊन उन्हात बसल्या. सून मुलाशेजारी बसली होती. तिची सासू तिला खालच्या आवाजात विचारत होती की नागपूरला जायचं तर सकाळची गाडी बरी पडेल का, त्या गाडीत गर्दी असते, पोराला आवाज सोसत नाही, त्यापेक्षा दुपारची. मी ते ऐकलं आणि अजून रिकामीच असलेली वाटी घेऊन उठले. मी जाऊन सासूपुढं बसले. मांडी घालून, अगदी जवळ. आणि सांगितलं. बाक, शिपाई, पाणी, सायकल, साहेब, जेवणाची सुट्टी. 'हाँ' सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला सांगत होते, त्यामुळे नीट क्रमानं येईना. एकतीस वर्षं टायपिस्ट राहिलेल्या बाईला ते शोभणारं नव्हतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सूनही ऐकत होती. मला वाटलं, म्हातारी म्हणेल, जाऊ दे बाई, तू तेव्हा लहान होतीस, तुला काय कळत होतं. मला ते हवंही होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, नातवाकडे बघते तसं, घाई न करता.

"तुले मालूम होतं? तो नुसतं परत म्हणून राह्यला, हे?"

"मालूम होतं."

"तुले मालूम नव्हतं?"

मी तोंड उघडलं. मिटलं. मुलानं रिकामं ताट पुन्हा कडेवर उभं केलं आणि फिरवलं. ते फिरून, झणझणून, जमिनीवर निजेपर्यंत ती थांबली. मी काही बोलले नाही.

मग तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, तीत खीर वाढली आणि परत माझ्या हातात दिली.